ॲव्हरेज किती देते

आमच्या सोसायटीत माणूस गेला तर लोक दहा दिवस जिन्यात दबक्या आवाजात बोलतात. गाडी बदलली तर दहा मिनिटं दम धरवत नाही. रहाटणीत बिल्डिंगखाली आमची नवी पेट्रोल गाडी येऊन उभी राहिली, बॉनेटवरचा हार अजून ओला होता, तोवर तिघंजण खाली आले. हात पाठीमागं बांधून गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारून बघितली, आणि पहिला प्रश्न, "काका, किती देते?"

देते म्हणजे? गाय आहे का ती?

"अजून पाजलं नाही," मी म्हणालो.

"कंपनी तर अठरा सांगते."

"कंपनीचं तोंड बोलतं, तोंडाला कुठं चाकं असतात."

ते हसले. मी काही हसवायला बोललो नव्हतो. याच तिघांना माझी बायको गेली तेव्हा मला काय विचारावं ते सुचलं नव्हतं. नुसते हात जोडून उभे राहिले आणि गेले. आता जीभ सुटली होती. एकानं तर मोबाईल काढून कुठल्या पोरट्याचा व्हिडिओ दाखवला. तो पोरगा मोकळ्या रस्त्यावर, एकटा, एसी बंद करून चालला होता आणि ओरडत होता, एकवीस आलं, एकवीस आलं. चाकणच्या चौकात ये म्हणावं सकाळी साडेआठला, दोन कंटेनरच्या मध्ये. मग ओरड.

मी सातवी शिकलेला माणूस. एकतीस वर्षं कारखान्याची बस चालवली, आधी भोसरीला, मग चाकणला. पाळीवर माणसं न्यायची आणि पाळी सुटली की घरी आणायची. त्यामुळं ॲव्हरेज हा शब्द मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या डेपोत एक फळा होता. कुठल्या बसनं लिटरला किती किलोमीटर दिले ते त्यावर खडूनं लिहायचे. माझी बस कायम वरती. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, हा उतारावर इंजिन बंद करतो. नाही. माझी युक्ती सोपी होती. रात्रपाळीची माणसं सकाळी बसमध्ये बसल्या बसल्या झोपायची. मी अशी बस चालवायचो की कुणाची मान हलता कामा नये. ब्रेक कमी, ॲक्सिलेटर कमी, पुढचा सिग्नल लांबून बघायचा. माणसं झोपेत घरी पोचायची आणि डिझेल टाकीत उरायचं. म्हणून माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. टाकीत आहे तेवढंच असतं. कंपनी एक आकडा सांगते. पण चालवणारा जपून असला तर त्याच्याहून जास्त निघतं. ॲव्हरेज म्हणजे हे. दुसरं काही नाही.

रिटायर झाल्यावर मी डिझेलची मोठी गाडी घेतली. मुलगा तेव्हाच म्हणत होता, लहान घ्या. पण आयुष्यभर उंच सीटवर बसलेल्या माणसाला लहान गाडीत बसलं की खड्ड्यात बसल्यासारखं वाटतं. बायको पहिल्या दिवशी साडी सावरत चढली आणि म्हणाली, "अहो, याला शिडी न्हाई का?" ती जुन्नरच्या पुढची, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. कुठंही जाऊन आलो की मी टाकी भरायचो आणि मनात हिशेब करून तिला सांगायचो, आज सोळा पडलं, आज सतरा. ती म्हणायची, "गाडी किती प्यायली ते इचारता. बायको जेवली का ते कधी इचारनार?"

तिला आजार निघाला त्याला आता दोन वर्षं होतील. नाव घेत नाही मी त्या आजाराचं. दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात नेऊन औषध चढवून आणायचं. तिच्या बाजूची सीट मी मागं पाडून ठेवली होती, पार आडवी नाही, चौथ्या खाचेत. त्या खाचेत तिला मळमळत नसे. शेवटच्या आठ महिन्यांत ती सीट तिथंच होती.

त्या दिवसांत तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. तिची थोरली बहीण तिकडं गावाकडं असते, गुडघे गेलेले, घरातून हलता येत नाही. त्यांच्या गावची जत्रा चैत्रात असते. ती म्हणाली, जत्रेला मला तिच्याकडं न्या. मी म्हणालो, याच गाडीतनं नेतो, सीट आहे तशी ठेवून, रस्त्यात पाणी हलणार नाही असा नेतो. शब्द दिला. आणि नेलं नाही. का नेलं नाही ते पुढं सांगतो. आधी सांगायची हिंमत होत नाही म्हणून नाही, गाडीचं सांगून झाल्याशिवाय ते कळायचं नाही म्हणून.

ती गेली. गाडी राहिली. मुलगा कंपनीच्या बसनं चाकणला जायचा, सून शाळेत शिकवते ती स्कूटरवर. मी रोज सकाळी खाली जायचो, इंजिन चालू करायचो, दहा-पंधरा मिनिटं बसायचो आणि बंद करून वर यायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. वर्षभर असं चाललं. भाजी आणायला काळेवाडीपर्यंत, फार तर. बाकी ती झाकून ठेवलेली.

मग एक दिवस पिवळा दिवा लागला. दोन दिवसांनी गाडीनं जोर धरणंच सोडलं. वर्कशॉपमध्ये नेली तर तिथला मिस्त्री विचारतो, "काका, गाडी चालवता किती?"

"रोज चालू करतो."

"चालू नाही हो. पळवता किती?"

त्यानं मला समजावलं. या नव्या डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत एक फिल्टर असतं, काजळी धरून ठेवायला. गाडी लांब पळाली, नळी तापली, की ती काजळी आतच जळून जाते. उभ्या गाडीचं इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं की काजळी साठत जाते, जळत नाही. "रोज चालू करून बसता ना, त्यानंच भरलं," तो म्हणाला. "डिझेल गाडी जपायची नसते काका. हिला हायवेला न्या, अर्धा तास दाबून चालवा, आपोआप साफ होईल."

"कुठं नेऊ?"

"कुठंही. तळेगावला जाऊन परत या."

"तळेगावला माझं काय काम?"

"काम कशाला पाहिजे?"

एकतीस वर्षं मी कामाशिवाय स्टिअरिंगला हात लावला नाही. आता म्हणे काजळी जाळायला तळेगावला जा. मी गेलो नाही. गाडी परत आणून झाकून ठेवली.

तेव्हा मुलानं ठरवलं. मला म्हणाला, "अण्णा, आपलं रनिंग कमी आहे, डिझेल आपल्याला परवडत नाही, पेट्रोल घेऊ. मी पण ऑफिसला घेऊन जाईन." मी म्हणालो, ही विकायची नाही. मग त्याचा आवाज चढला. "तुम्ही ती चालवत नाही अण्णा. तुम्ही तिच्यात जाऊन बसता. अख्खी बिल्डिंग बघते."

खरं ऐकलं की माझं तोंड बंद होतं, खोट्याला मी पुरा पडतो.

शोरूममध्ये आम्हाला एक कोरीव दाढीवाला भेटला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. माझ्याकडं न बघता मुलाशीच बोलत होता. शेवटी उपकार केल्यासारखं माझ्याकडं वळून विचारतो, "सर, तुमचं रनिंग किती?"

"आता वैकुंठापर्यंत. एकेरी."

त्याला कळलं नाही. हातातल्या पाटीवर काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, गाडी अठरा देते सर. मी विचारलं, कुणी चालवून? म्हणाला, सर्टिफाइड आहे सर. मी परत विचारलं, सर्टिफाइडला लायसन आहे का? मुलानं माझा दंड दाबला.

एक्स्चेंजमध्ये डिझेल त्यांनी ठेवून घेतली. पण त्याआधी मी मुलाकडून वदवून घेतलं. ही पेट्रोल टाकी ते टाकी बारा देत नसेल, तर माझी डिझेल परत आणायची. अठराचे बारा केले, सहा मी सोडले. अजून काय करायचं माणसानं? मुलगा विचारात पडला, पण बाप वर्षभरात पहिल्यांदा कशासाठी तरी भांडतोय हे त्याला दिसत होतं. त्यानं त्या दाढीवाल्याशी बोलून जुनी गाडी दोन आठवडे न विकण्याचं कबूल करून घेतलं. कागद अजून माझ्याच नावावर होते.

मला ती का हवी होती, ते मुलाला सांगितलं नाही. शब्द गाडीला धरून दिला होता. याच गाडीतनं नेतो, म्हणालो होतो. माणूस गेलं तरी गाडी आहे तोवर शब्द मोडला असं होत नाही, उशीर झाला एवढंच होतं, अशी मी माझी समजूत घातली होती. खुळ्याची समजूत. पण तिच्यावर वर्ष निघालं होतं.

टाकी ते टाकी मोजायची एक रीत आहे. आजकालच्या लोकांना ती माहीत नाही, त्यांना पडदा बघायचा असतो. नळीचा खटका पडला म्हणजे टाकी भरली असं नाही. आत हवा अडकलेली असते. गाडी दोन्ही बाजूंनी धरून हलवायची, हवा बुडबुड करत वर येते, मग आणखी जातं. परत हलवायची, परत भरायचं, गळ्यापर्यंत. मग चालवायची. मग त्याच पंपावर, त्याच नळीला येऊन तशीच हलवून भरायची. किती लिटर बसलं ते खरं. या कामाला दोन माणसं लागतात. डिझेलच्या वेळी दुसरं माणूस ती असायची. पदर खोचून गाडी हलवायची आणि शिव्या घालायची.

या वेळी मुलगा एका बाजूला, मी दुसऱ्या. पंपावरची बाई नळी धरून बघत राहिली.

"काय हो काका, झोका देताय का गाडीला?"

"अंगाई येते का तुला? म्हण."

"साहेब, ऑटो कट झालंय. आता वरून सांडेल."

"सांडलं की सांग," मी म्हणालो. मुलगा लाजेनं लाल झाला होता. मागं रिक्षावाल्यांनी हॉर्नचा ताशा लावला होता.

पहिल्या दिवशी मी मुलाबरोबर चाकणला गेलो. काळेवाडी, पिंपरी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी. सव्वीस किलोमीटर, पावणेदोन तास. गिअर टाकायचा नसतो म्हणे, गाडी स्वतःच टाकते. टाकणार काय, पहिल्यातून दुसऱ्यात जाते न जाते तोवर पुढं ट्रेलर आडवा. मोशीत एका जागी आम्ही इतका वेळ उभे होतो की शेजारच्या टेम्पोवाल्यानं डबा उघडून पोहे खाल्ले. आणि या सगळ्यात गाडीच्या पडद्यावर एक हिरवं पान. नीट चालवलं की पान मोठं होतं. उभ्या गाडीत, पेट्रोल जळतंय, एसी चालू, आणि पान डुलतंय. मुलगा खूश. "बघा अण्णा, इको."

"शेळी आण, चारू तिला."

त्याचा पाय मी बघत होतो. दहा फूट जागा दिसली की दाबायचा, आणि लगेच ब्रेक. माझ्या बसमध्ये असं कुणी चालवलं असतं तर झोपलेल्या माणसांनी उठून मारलं असतं. पण मी बोललो नाही. तो वाईट चालवत होता ते माझ्या फायद्याचं होतं. हे पण लिहून ठेवतो, मी काही साधू नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा आला तो पडद्याचा फोटो घेऊनच. बारा पॉइंट दोन. "जिंकलो," म्हणाला. मी म्हणालो, पडदा गेला खड्ड्यात, टाकी काय म्हणते ते बघू. सून वह्या तपासत बसली होती. ती गणित शिकवते. मान वर न करता म्हणाली, "अण्णा, पडदा काय, टाकी काय, ॲव्हरेजवरून भांडायचं काही नसतं."

"का?"

"ॲव्हरेज म्हणजे सरासरी. वर्गात कुणाला नव्वद, कुणाला दहा. सरासरी पन्नास. पण पन्नास मिळालेलं पोर वर्गात एकपण नसतं कधीकधी. एकाला किती मिळणार ते त्यातून कळतच नाही."

"गाडीचं ॲव्हरेज वेगळं."

"शब्द एकच आहे अण्णा. कुणाचंही असो. काही वर, काही खाली, मिळून भागायचं."

मी विचारलं, "मग एखादं खाली असेल तर ते जपून वर नेता येतं ना?"

"ते त्याच्या हातात नसतं," ती म्हणाली आणि पुढची वही घेतली.

मी उठून गॅलरीत गेलो.

दवाखान्यात पहिल्या वेळी डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं होतं आणि मला आत घेतलं होतं. मुलगा गाडी लावायला गेला होता. ते म्हणाले, "अशा पेशंटचं ॲव्हरेज दोन वर्षं धरा."

चांगले होते डॉक्टर. त्यांची चूक नाही. मी विचारायला हवं होतं. पण मला विचारायची गरजच वाटली नाही, कारण तो शब्द माझा होता. एकतीस वर्षं त्या शब्दात मी पहिला नंबर काढला होता. मी बाहेर आलो तो जवळजवळ हलक्या मनानं. म्हणालो, कंपनीनं दोन सांगितलं. जपून चालवलं तर मी अडीच काढीन. तीन काढीन.

आणि मी तिला जपून चालवली. जिना उतरू दिला नाही. शेजारच्या बारशाला पाठवली नाही. पाहुणे आले की पाच मिनिटांत हाकलले. बोलून दमशील. जत्रा आली तेव्हा म्हणालो, येऊन-जाऊन पाच तास, धक्के, ऊन. या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बरी झालीस की नेतो. मनात गणित चाललं होतं, पाच तासांच्या प्रवासात हिचे किती दिवस जळतील. चार वेळा विचारलं तिनं. शेवटच्या वेळी म्हणाली, "अहो, मी काय तुमची बस हाय का, डेपोत लावून ठेवायला?"

मी म्हणालो, "गप पड. तुला कळत नाही."

आठ महिन्यांत ती गेली. टाकीत आहे तेवढंच असतं म्हणणारा मी. टाकी किती होती तेच मला माहीत नव्हतं. जगात मी पुष्कळ मूर्ख बघितले. टाय लावलेले, पट्टेवाले, व्हिडिओवाले. त्या गॅलरीत उभा होता त्याच्याएवढा एक नाही बघितला.

चौथ्या दिवशी त्याच पंपावर, त्याच नळीला गेलो. बाईनं ओळखलं. "आला का झोकेवाला," म्हणाली आणि या वेळी स्वतःच एका कोपऱ्याला हात लावला. दोनशे बारा किलोमीटर झाले होते. एकोणीस लिटर सहाशे बसलं. मी तोंडी भागाकार केला, मुलानं मोबाईलवर. दहा पॉइंट आठ.

मुलानं वाद घातला नाही. "ठीक आहे अण्णा. उद्या जाऊन आणू." त्याचं तोंड उतरलं होतं. मी जिंकलो होतो. रात्री जेवताना सुनेनं साधं विचारलं, "आणि आपली डिझेल त्याच रस्त्यावर किती द्यायची?"

मी आयुष्यभर लोकांना सतरा सांगत आलो होतो. "त्या रस्त्यावर?" मी म्हणालो. "बारा. फार तर तेरा."

"मग सतरा कुठलं?"

"मोकळ्या रस्त्याचं. लोकांना तेच सांगायचं असतं."

तिघंही हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. जुन्या गाड्यांचं आवार मोशीच्या पुढं आहे. आमची गाडी धुऊन पुसून पहिल्या रांगेत लावली होती. मी दार उघडलं. तिची सीट सरळ उभी केली होती. कपड्याला साबण लावून घासलेलं, वर फुलांच्या वासाची बाटली. मी खाली वाकून खटका ओढला आणि सीट मागं पाडली. एक, दोन, तीन, चार.

बॉनेटपाशी एक माणूस उभा होता. चाळिशीचा, दाढीत थोडी पांढरी, हाताच्या रेषांत काळं तेल. आवारातला सेल्समन म्हणाला, हे गाडी बघायला आलेत, देहूरोडला गॅरेज आहे यांचं, मी सांगितलं की अजून फायनल नाही. त्या माणसानं बॉनेट उघडून कान लावला, मागं जाऊन नळीच्या आत बोट फिरवलं, बोट बघितलं. मला म्हणाला, "चाचा, आपकी थी?" मग मराठीत, "तुमची होती?"

"माझ्या बायकोची," मी म्हणालो. ते कसं तोंडातून गेलं कळलं नाही. मुलानं माझ्याकडं बघितलं.

मी वाट बघत होतो तो कधी विचारतो. त्यानं विचारलं नाही. शेवटी मीच चिडून म्हणालो, "किती देते ते नाही विचारायचं?"

"विचारून काय फायदा? तुम्ही सतरा सांगणार. सगळे सतराच सांगतात." बोट फडक्याला पुसत म्हणाला, "लांब शेवटची कधी गेली होती?"

एवढाच प्रश्न. एवढी वर्षं लोकांनी मला गाडीबद्दल हजार प्रश्न विचारले, हा एक कुणी विचारला नव्हता.

"दोन वर्षांत नाही," मी म्हणालो.

"तरीच. फिल्टर भरलाय. इंजिन चांगलं आहे, कोंडलंय नुसतं. मला दर आठवड्याला सोलापूरला जावं लागतं पार्ट आणायला. तिला बरं होईल." मग विचारलं, "एक चक्कर मारू? लांब मारावी लागेल, जळायला वेळ लागतो."

तो चालवायला बसला. मुलगा मागं. मी तिच्या सीटवर, चौथ्या खाचेत, जवळजवळ आडवा. सरळ करू का, म्हणून त्यानं विचारलं. नको म्हणालो.

चाकण मागं पडलं तसा त्यानं पाय दाबला. खालचा गिअर, इंजिन भरून ओरडायला लागलं. मला रस्ता दिसत नव्हता. त्या सीटवरून रस्ता दिसतच नाही. काचेच्या वरच्या भागात आभाळ, विजेच्या तारा, ट्रेलरवर बांधलेल्या ताडपत्रीची टोकं, पुलाची खालची बाजू. मी आठ महिने तिला दवाखान्यात नेत होतो आणि प्रत्येक वेळी म्हणत होतो, बघ किती गुळगुळीत नेतोय, एक खड्डा लागू दिला नाही. ती म्हणायची, व्हय. ती कुठला खड्डा बघणार होती? तिला तारा दिसत होत्या. खड्डा लागला असता तर निदान कुठं आलो ते कळलं असतं.

राजगुरुनगरच्या पुढं एक उग्र जळका वास आला आणि गेला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बघा चाचा." पिवळा दिवा विझला होता. गाडी हलकी झाली होती, ते पाठीला कळत होतं.

"आपली सुटली बिचारी," तो म्हणाला. "वळवू?"

मुलगा मागून म्हणाला, "अण्णा, घरी न्यायची ना आता?"

पुढं सरळ गेलं असतं तर नारायणगाव, मग जुन्नरचा फाटा. मी दोन्ही गोष्टींचा विचार केला. ही परत घेतली असती तर मी काय केलं असतं ते मला चांगलं माहीत होतं. परत खाली लावली असती, परत झाकली असती, रोज सकाळी जाऊन बसलो असतो. परत काजळी. जपणं म्हणून मला एवढंच येतं.

"वळवा," मी त्याला म्हणालो. "आणि घ्या तुम्ही. पण झाकून ठेवायची नाही."

"झाकायला जागा कुठं आहे आमच्याकडं चाचा," तो म्हणाला.

घरी आल्यावर तोंड धुताना मुलानं खूप वेळ नळ चालू ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्याला उठवलं. म्हणालो, पेट्रोल काढ, मावशीकडं जायचंय. जत्रा नव्हती, काही नव्हतं. चाकणमध्ये रविवारी रस्ता रिकामा. मी चालवायला बसलो. गिअर नसलेल्या गाडीत डावा पाय उगाच जागेवर नाचत होता. मोकळ्या रस्त्यावर त्या हिरव्या पानाचं झाड झालं. पडद्यावर सोळा, साडेसोळा. रस्ता मोकळा असला की कुणीही देतं, त्यात कौतुक काय.

मेहुणी ओसरीवर पाय पसरून बसली होती. तिनं मला आधी ओळखलं नाही, मग ओळखलं, मग माझ्या मागं गाडीकडं बघितलं. दुसरं दार उघडेल म्हणून बघितलं. मग डोळ्याला पदर लावला. सुनेनं दिलेला डबा मुलानं खाली ठेवला.

मग डोळे पुसून तिनं, काहीतरी बोलायचं म्हणून, पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "किती येळ लागला वो यायला?"

मी घड्याळ बघितलं.

"दोन तास," मी म्हणालो. "दोन तास दहा मिनिटं."